विश्लेषण : ॲनिमेने जग जिंकले, मग ॲनिमेचे चित्रकार गरीब का?

‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमेपट सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात जपानी आणि इंग्रजीबरोबरच हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही प्रदर्शित झाला. काही शहरांत त्याचे पहाटेचे खेळ लावावे लागले. जगभरातील कमाईत त्याने याआधीचे सर्व जपानी चित्रपट मागे टाकले. मात्र ज्या उद्योगातून असे चित्रपट येतात, तिथल्या नवोदित चित्रकाराला टोकियोत महिना काढणेही कठीण जाते. हा विरोधाभास कसा तयार झाला, याचे उत्तर ॲनिमेच्या इतिहासातच आहे.

‘ॲनिमे’ म्हणजे नेमके काय?

जपानी भाषेत ‘ॲनिमे’ हे ‘ॲनिमेशन’ या शब्दाचे लघुरूप. जपानमध्ये कोणत्याही देशातील ॲनिमेशनला ॲनिमेच म्हणतात. जपानबाहेर मात्र हा शब्द जपानी ॲनिमेशनपुरता वापरला जातो. ‘मांगा’ म्हणजे छापील चित्रकथा. बहुतेक लोकप्रिय ॲनिमे मालिका आधी साप्ताहिकांत मांगा म्हणून गाजलेल्या असतात. कथा आणि पात्रे वाचकांच्या पसंतीस आधीच उतरलेली असल्याने निर्मात्यांची जोखीम कमी होते. लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत प्रत्येक वयोगटासाठी वेगळे मांगा निघतात. म्हणूनच खेळ, स्वयंपाक, युद्ध, भयकथा, ऑफिसातले राजकारण असे कोणतेही विषय ॲनिमेला वर्ज्य नाहीत.

सुरुवात कधी झाली?

जपानमधील पहिले ॲनिमेशनपट १९१७ चे. ओतेन शिमोकावा, जुनइची कोउची आणि सेइतारो कितायामा हे तिघे या क्षेत्राचे आद्य प्रवर्तक मानले जातात. त्या काळातील बहुतेक चित्रफिती १९२३ च्या कांतो भूकंपात आणि पुढे युद्धात नष्ट झाल्या. कोउची यांचा ‘नामाकुरा गाताना’ हा बोथट तलवार विकत घेणाऱ्या सामुराईचा छोटा विनोदी चित्रपट सुमारे ९० वर्षांनी ओसाकामध्ये सापडला. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाने प्रचारासाठी ॲनिमेशनला पैसा पुरवला. एप्रिल १९४५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘मोमोतारो’ हा पहिला पूर्ण लांबीचा जपानी ॲनिमेशनपट याच पैशातून तयार झाला. बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या ओसाकातील एका चित्रपटगृहात तो पाहणाऱ्यांमध्ये १६ वर्षांचा ओसामु तेझुकाही होता. पुढे त्याने वैद्यकीय पदवी घेतली, पण पेशा निवडला तो मांगाचा.

युद्धानंतर १९५६ मध्ये तोएई कंपनीने ‘पूर्वेचा डिस्ने’ व्हायचे स्वप्न बाळगून ॲनिमेशन स्टुडिओ उभारला. दोनच वर्षांत तिने ‘हाकुजादेन’ हा जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट प्रदर्शित केला. तो पाहून भारावलेला शाळकरी मुलगा हायाओ मियाझाकी १९६३ मध्ये याच स्टुडिओत नोकरीला लागला.

१९६३ मध्ये काय बदलले?

१ जानेवारी १९६३ रोजी तेझुकांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली. जगाला ती ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून माहीत आहे. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग देणे तेव्हाच्या पद्धतीने अशक्य होते. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. डिस्नेच्या धर्तीवरील ॲनिमेशनमध्ये साधारण दर दोन चौकटींना नवे चित्र लागते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. या हिशेबाने जाहिराती वगळता एका भागासाठी १५ हजारांवर चित्रे काढावी लागली असती. तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनने ते काम साधारण दोन हजार चित्रांच्या आत बसवले.

त्यासाठी अनेक युक्त्या केल्या गेल्या. तीन-तीन चौकटींना एकच चित्र वापरले. बोलताना चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले. स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवला. उडण्याची, धावण्याची दृश्ये जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरली. मालिका तुफान चालली. एका भागाला तर ४० टक्क्यांवर प्रेक्षकपसंती मिळाली.

मात्र तेझुकांनी मालिका वाहिनीला खर्चापेक्षा कमी किमतीत विकली होती. तूट भरून निघाली ती परदेशी विक्रीतून आणि आतोमुच्या चित्रांचा वापर करणाऱ्या वस्तूंमधून. प्रायोजक मेइजी कंपनीच्या चॉकलेटसोबत मिळणाऱ्या आतोमुच्या स्टिकरसाठी मुलांच्या उड्या पडत. कार्यक्रम तोट्यात करायचा आणि पैसा खेळणी व इतर वस्तूंमधून काढायचा, हे गणित तेव्हापासून रूढ झाले. मुशी प्रॉडक्शनला मात्र ते फार काळ पेलले नाही आणि १९७३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तेझुकांनी पाडलेल्या या पायंड्यामुळे ॲनिमेशनचे दर कायमचे खाली राहिले, अशी टीका पुढे मियाझाकी यांनीही केली. सगळा दोष एकट्या तेझुकांवर टाकता येणार नाही, असे मानणारे अभ्यासकही आहेत. ते स्वस्त मिळते म्हटल्यावर वाहिन्यांनी आणि प्रायोजकांनी नंतर दर का वाढवले नाहीत, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

काटकसरीची शैली कशी झाली?

हालचाल कमी म्हटल्यावर कथेवर आणि चित्रचौकटीवर भर देणे भाग होते. मोठे बोलके डोळे, लांबलेली शांतता, एका क्षणावर थांबलेला कॅमेरा आणि तपशिलात रंगवलेली पार्श्वभूमी यांतून ॲनिमेची वेगळी भाषा तयार झाली. मालिका आठवड्यामागून आठवडे चालणार असल्याने पात्रे वाढू, बदलू आणि मरूही शकत होती. अमेरिकी कार्टूनमध्ये हे क्वचितच दिसे. १९७९ च्या ‘गंडम’ने यंत्रमानवांच्या युद्धात चांगले आणि वाईट अशी सोपी विभागणी केली नाही. कमी प्रतिसादामुळे ५२ ऐवजी ४३ भागांत ती गुंडाळण्यात आली. पुनःप्रक्षेपण आणि बांदाई कंपनीच्या प्लास्टिक मॉडेलनी तिला नवसंजीवनी दिली. आज ती जपानच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक नाममुद्रांपैकी एक आहे.

जपानबाहेर ॲनिमे कसे पोहोचले?

सुरुवातीला ॲनिमे पसरले ते स्वस्त असल्यामुळे. मालिकांचा खर्च जपानमध्ये बऱ्यापैकी वसूल झालेला असे, त्यामुळे त्या परदेशी वाहिन्यांना कमी दरात देणे परवडे. १९७० च्या दशकाअखेरीस इटलीत खासगी वाहिन्यांचे पेव फुटले आणि त्यांना तासन्‌तास दाखवायला काहीतरी हवेच होते. फ्रान्समध्ये १९७८ मध्ये ‘गोल्डोराक’ने मुलांना वेड लावले. फुटबॉलवरील ‘कॅप्टन त्सुबासा’ पाहून आपण खेळाकडे वळलो, असे स्पेनचा विश्वविजेता खेळाडू फर्नांडो टोरेस याने सांगितले आहे. फिलिपिन्समध्ये ‘व्होल्टेस फाइव्ह’ इतकी गाजली की १९७९ मध्ये हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांनी हिंसाचाराचे कारण देत तिचे शेवटचे भाग दाखवण्यापूर्वीच तिच्यावर बंदी घातली. जुलमी राजवटीविरुद्धच्या बंडाची ही कथा त्यांना झोंबली असावी, असे तिथे अनेक जण आजही मानतात. लॅटिन अमेरिकेतही हीच लाट आली. २०१८ मध्ये ‘ड्रॅगन बॉल सुपर’चा शेवटचा टप्पा पाहण्यासाठी मेक्सिकोतील शहरांच्या चौकांत पडदे लावून गर्दी जमली होती.

कलाकृती म्हणून मान्यता मिळायला थोडा वेळ लागला. १९८८ च्या ‘अकिरा’ने पाश्चात्त्य प्रौढ प्रेक्षकांना धक्का दिला. मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता यांच्या स्टुडिओ घिबलीची स्थापना १९८५ ची. तिच्या ‘स्पिरिटेड अवे’ने २००२ मध्ये बर्लिन महोत्सवात सर्वोच्च ‘गोल्डन बेअर’ पुरस्कार विभागून मिळवला आणि पुढच्या वर्षी ऑस्करही पटकावले. दरम्यान ‘पोकेमॉन’, ‘सेलर मून’, ‘ड्रॅगन बॉल झेड’ यांनी १९९० च्या दशकातील मुलांची पिढी घडवली. पुढचा टप्पा इंटरनेटचा. चाहते स्वतः उपशीर्षके तयार करून मालिका विनापरवाना फिरवत. २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले क्रंचीरोल हे व्यासपीठ अशाच चित्रफितींवर वाढले. पुढे ते परवाने घेऊन अधिकृत झाले आणि २०२१ मध्ये सोनीने ते सुमारे १.१७ अब्ज डॉलरला विकत घेतले.

भारताशी नाते कधीपासून?

दूरदर्शनवर १९९३ मध्ये आलेले ‘द जंगल बुक’ अनेकांना आपल्याच देशातील कार्टून वाटे. प्रत्यक्षात ती निप्पॉन ॲनिमेशनची जपानी मालिका होती. हिंदी आवृत्तीचे शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. त्याच सुमारास युगो साको यांच्या पुढाकाराने ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट जपानमध्ये तयार झाला. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले राम मोहन त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक होते. हा चित्रपट भारतभर नव्याने प्रदर्शित व्हायला जानेवारी २०२५ उजाडले. २००० नंतर ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ हिंदीतून घराघरांत पोहोचले. २०१२ मध्ये तर बेसबॉलवरील एका जुन्या गाजलेल्या ॲनिमेचे भारतीय रूप ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या नावाने आले. त्यात बेसबॉलच्या जागी क्रिकेट होते आणि नायक होता मुंबईतील एक गरीब मुलगा.

आज या उद्योगाची उलाढाल किती?

‘असोसिएशन ऑफ जपानीज ॲनिमेशन्स’च्या अहवालानुसार २०२३ मध्ये ॲनिमेची एकूण बाजारपेठ सुमारे ३.३५ लाख कोटी येन, म्हणजे अंदाजे दोन लाख कोटी रुपये होती. त्यातील १.७२ लाख कोटी येन, म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा परदेशाचा होता. या आकड्यात तिकिटे, प्रक्षेपण हक्क, खेळणी, कपडे, संगीत, गेम असे सगळे येते. प्रत्यक्ष चित्रे काढणाऱ्या स्टुडिओंच्या हाती त्यातला लहानसा भागच पडतो.

मग पैसा चित्रकारापर्यंत का पोहोचत नाही?

याचे मुख्य कारण ‘निर्मिती समिती’ ही पद्धत. मालिकेसाठी प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी उत्पादक, जाहिरात संस्था असे अनेक जण पैसे घालून समिती तयार करतात. मालिका पडली तर तोटा वाटला जातो, चालली तर नफा. १९९० च्या दशकापासून ही पद्धत सर्रास झाली. स्टुडिओला ठरावीक रकमेचे कंत्राट मिळते. त्याने समितीत स्वतःचे पैसे घातले नसतील, तर मालिका जगभर गाजूनही हक्कांच्या कमाईत त्याला वाटा नसतो.

स्टुडिओ हे काम पुढे मुक्त चित्रकारांकडे देतात. दोन मुख्य मुद्रांमधील हालचालीची चित्रे काढणे हे नवोदितांचे काम. त्याचा दर चित्रामागे साधारण २०० येन असल्याचे वारंवार समोर आले आहे. महिन्याला ५०० चित्रे काढली, तरी हाती एक लाख येनच येतात. यातील बरेच काम चीन, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, व्हिएतनामकडेही जाते. व्यवसाय आणि मानवाधिकार या विषयावरील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने २०२४ मध्ये जपानविषयीच्या अहवालात या क्षेत्राचा स्वतंत्र उल्लेख केला. नवोदित ॲनिमेटरचे वार्षिक उत्पन्न अवघे १५ लाख येन असू शकते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे महिन्याला सव्वा लाख येन. जपानी मापाने हे गरिबीचे उत्पन्न आहे. कामाचे तास लांबलेले आणि करार कमकुवत, हेही त्यात नोंदवले आहे.

यावर उपाय आहेत का?

काही स्टुडिओंनी वेगळी वाट धरली आहे. क्योटो ॲनिमेशन पूर्वीपासून कलाकारांना पगारी नोकरीत ठेवते आणि स्वतःच्या प्रशिक्षण वर्गातून तयार करते. २०१९ च्या जाळपोळीत ३६ जणांचा बळी गेल्यानंतरही या स्टुडिओने ही पद्धत टिकवली. माप्पा या स्टुडिओने २०२२ मधील ‘चेनसॉ मॅन’चा पूर्ण खर्च समितीविना स्वतः उचलला. पण मालिका पडली असती तर सगळे नुकसानही त्याच्याच माथी आले असते. लहान स्टुडिओंना ते झेपणारे नाही. कलाकारांच्या बाजूने बोलणारी ‘नाफ्का’ ही संघटना २०२३ मध्ये स्थापन झाली असून ती प्रशिक्षण आणि कामाच्या अटींवर काम करते.

दुसरीकडे जपान सरकारने ॲनिमे, गेम, मांगा आदी आशयाची परदेशातील विक्री २०३३ पर्यंत २० लाख कोटी येनवर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे. त्यासाठी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त चित्रे लागतील. मुख्य मुद्रा काढणारे अनुभवी कलाकार तयार होतात ते हालचालीची चित्रे काढत काढत. पहिल्या दोन-तीन वर्षांतच भाडे परवडत नाही म्हणून मुले हे काम सोडू लागली, तर पुढच्या फळीला शिकवणारेच उरत नाहीत. १९६३ मध्ये चित्रांची संख्या कमी करून ॲनिमे उभे राहिले. आता कमी होत चाललेत ते चित्रे काढणारे हात, आणि ती तूट खेळणी विकून भरून निघणारी नाही.