एक्स्टर्नल हार्ड डिस्क सारखी कट होते? दुकानात नेण्याआधी हे वाचा

निकाहचा व्हिडिओ, मुलांचे लहानपणीचे फोटो, अब्बांच्या नावचे स्कॅन केलेले सातबारा उतारे, दहावी-बारावीच्या मार्कशीट, दादा-दादी हजला गेले तेव्हाचे फोटो. पूर्वी हे सगळं कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत असायचं. आता ते खिशात मावेल एवढ्या काळ्या डबीत, म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये असतं. पेटीत आणि डबीत फरक एवढाच की पेटी हळूहळू गंजते आणि डबी एका दुपारी अचानक दगा देते.

बहुतेक घरांत सुरुवात सारखीच होते. डिस्क लावली की कॉम्प्युटर 'टुंग' करतो, डिस्क दिसते. दोन मिनिटांनी उलटा 'टुंग' येतो आणि डिस्क गायब. परत येते, परत जाते. कॉपी चाळीस टक्क्यांवर अडकते. शाळेत कॉम्प्युटरचे तास माझ्याकडे असल्यामुळे पालक मला विचारतात, "टीचर, डिस्क गेली का आमची?" बऱ्याच वेळा डिस्क गेलेली नसते. वायर, पोर्ट किंवा वीजपुरवठा यांपैकी एकात दोष असतो. पण थोड्या घरांत ती खरोखरच शेवटच्या घटका मोजत असते आणि अशा वेळी केलेला प्रत्येक प्रयोग नुकसान वाढवतो. म्हणून आपल्या घरची डिस्क यांपैकी कुठल्या प्रकारात मोडते, ते आधी ओळखायचं.

त्यासाठी कान वापरा. डिस्क टेबलावर ठेवून वायर लावा आणि जवळ जाऊन ऐका. आत काचेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची गुळगुळीत तबकडी असते. लहान पोर्टेबल डिस्कमध्ये ती साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा फिरते. तिच्यावर वाचणारं डोकं, ज्याला 'हेड' म्हणतात, केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगत असतं. डिस्क धडधाकट असेल तर एकसारखी बारीक घरघर ऐकू येते. ठराविक अंतराने टिक-टिक-टिक येत असेल किंवा काहीतरी खरवडल्यासारखं वाटत असेल, तर हेडला आपली जागा सापडत नाही असं समजा. चालू असताना डिस्क खाली पडली असेल आणि नंतर हा आवाज सुरू झाला असेल तर शंकाच उरत नाही. लगेच वायर काढा आणि पुन्हा लावून बघायचा मोह आवरा. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय अजूनही लोक एकमेकांना सांगतात. तो मुळीच करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि वाचवता आला असता तोही डेटा जातो. असा आवाज करणारी डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यायची. या लेखातले पुढचे उपाय तिच्यासाठी नाहीत.

आवाज ठीक असेल तर फिक्र थोडी कमी करा आणि डिस्क नेमकी कधी कट होते ते बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. चहा पिऊन परत येईपर्यंत गेली, म्हणजे काहीच काम चालू नसताना गेली, तर दोष बहुतेक विंडोजच्या वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये असतो. मोठी फाइल कॉपी करताना जात असेल तर वीज कमी पडते किंवा वायर खराब आहे. डबीला धक्का लागला की जाते, मग वायरची पिन ढिली आहे. आणि दर वेळी एकाच फोल्डरवर, एकाच फोटोजवळ येऊन अडखळत असेल तर तबकडीचा तेवढा भाग खराब झाला असण्याची शक्यता मोठी आहे. दोन दिवस हे वहीत टिपून ठेवलं तरी दुकानदारासमोर आपण कोरे बसणार नाही.

विजेचं थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त केसेस तिथेच सापडतात. लहान डिस्कला वेगळा चार्जर नसतो, ती वीज यूएसबी पोर्टातूनच घेते. जुन्या यूएसबी २.० पोर्टाची हमी ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरची आणि यूएसबी ३.० ची ९०० मिलिअँपिअरची. यूएसबी ३.० चा पोर्ट पुष्कळदा आतून निळा असतो, त्यावरून ओळखता येतो. तबकडी थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा सर्वांत जास्त वीज लागते, काही डिस्कना तर त्या क्षणी एक अँपिअरच्या आसपास. तेवढी मिळाली नाही की तबकडी वेग घेते, थांबते, परत वेग घेते. कॉम्प्युटरला वाटतं कोणीतरी डिस्क काढली आणि पुन्हा लावली. बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यांवर सगळ्यांनी नळ सोडले की चौथ्या मजल्यावर धार बारीक होते ना, तसंच हे.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. डिस्क हबमध्ये लावली असेल तर तिथून काढून थेट कॉम्प्युटरला लावा. साध्या हबमध्ये माउस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह आणि डिस्क, सगळे एकाच पोर्टाच्या विजेवर जगत असतात. डेस्कटॉप असेल तर समोरचे पोर्ट सोडा आणि मागचे वापरा. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच बसवलेले असतात. समोरच्यांपर्यंत आतून एक बारीक वायर आलेली असते आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती हमखास ढिली मिळते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून काम करा. मोठी, साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असतो, बहुतेक १२ व्होल्टचा. तो अशक्त झाला तरी डिस्क कट होते. बदलताना व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त आणि पिनची धन-ऋण बाजूही तीच. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावाल तर डिस्कचं सर्किट जळून जाईल.

नंतर वायर. डिस्कसोबत आलेली आखूड वायर जपून ठेवा, ती आखूड असते ती कंजुषीमुळे नव्हे. लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. वायरीचा दोष पारखायचा खरा मार्ग म्हणजे दुसरी चांगली वायर लावून बघणं. हलवून-दाबून बघत बसू नका, त्यात डिस्कच्या बाजूची खाचच ढिली होते. चपटी, रुंद, दोन भागांची पिन असलेली वायर कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात लगेच मिळेलच असं नाही. तोवर एक सोय आहे. त्या रुंद खाचेच्या मोठ्या भागात जुन्या अँड्रॉइड फोनची साधी मायक्रो यूएसबी पिन बसते. फक्त ती वायर डेटाची हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. वेग यूएसबी २.० चा मिळतो, म्हणजे ४० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ उतरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील. पण वेगवान तारांमध्ये दोष असेल तर त्या वापरातच येत नाहीत आणि डिस्क धीम्या चालीने का होईना, टिकून राहते. डेटा वाचवायला तेवढं पुरतं. टाइप-सी वाल्यांनीही फोनच्या चार्जरची वायर लावून निर्णय देऊ नये, त्यातल्या बऱ्याच वायरी चार्जिंगपुरत्याच असतात.

कोकणात, समुद्राच्या जवळ राहणाऱ्यांनी पिनेवर हिरवट-पांढरा थर आला आहे का तेही पाहावं. पावसाळ्यानंतर हे फार दिसतं. डिस्क काढलेली असताना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या ब्रशने पिन पुसा आणि पूर्ण सुकू द्या. अत्तर किंवा पाणी लावून पुसू नका. कॉपी चालू असताना डिस्क गादीवर किंवा उशीवर ठेवायचीही सवय सोडा. तापलेली डिस्क मधेच बंद पडू शकते.

काम नसतानाच डिस्क जात असेल तर सेटिंग बदला. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा, आपल्या प्लॅनसमोरच्या चेंज प्लॅन सेटिंग्जवर आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जवर क्लिक करा. तिथे यूएसबी सेटिंग्जखाली 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' मिळेल, ते डिसेबल करा. त्याच यादीत हार्ड डिस्क किती मिनिटांनी बंद करायची तेही असतं. ते शून्य म्हणजे 'नेव्हर' करा. दुसरी जागा डिव्हाइस मॅनेजर. त्यात सर्वांत खाली यूएसबीचा गट असतो. त्यातल्या प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल, तर कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिकमार्क काढून टाका. कॉम्प्युटर रिस्टार्ट करा.

एवढं करूनही चालत नसेल तर डिस्क शेजाऱ्यांच्या किंवा भाच्याच्या लॅपटॉपवर लावून बघा. तिथे नीट चालली तर दोष आपल्या मशीनमध्ये आहे, तिथेही कट झाली तर डिस्कमध्ये किंवा तिच्या वायरीत.

विंडोज स्वतःही नोंद ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज, मग सिस्टम पाहा. 'डिस्क' या नावाखाली १५७ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्क अचानक निघाली एवढंच कळतं, त्यामागे वायर किंवा वीज असू शकते. ७ क्रमांक दिसला तर मात्र तबकडीवर खराब जागा सापडली आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत निळ्या, पिवळ्या आणि लाल रंगात दाखवतं. त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड', 'पेंडिंग' आणि 'अनकरेक्टेबल' सेक्टर अशा तीन ओळी पाहायच्या. तिन्हींपुढे शून्य असेल तर तसल्ली ठेवा. आकडा असेल आणि आठवड्याने तो वाढलेला दिसला, तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नका.

आता एका संदेशाबद्दल, कारण तो पाहून माणसं घाबरतात आणि चुकीचं बटण दाबतात. सारखी कट होणारी डिस्क एके दिवशी म्हणते, 'वापरण्याआधी फॉरमॅट करा.' वर्गाचा हजेरीपट लिहिता लिहिता कोणी हातातून ओढून घेतला तर पान फाटतं, पण मुलं वर्गातच बसलेली असतात. डिस्कमध्येही कुठली फाइल कुठे आहे याचा असाच एक पट असतो आणि लिहिताना वायर तुटली की तो बिघडतो. फोटो तबकडीवर असतात, फक्त त्यांचा पत्ता हरवलेला असतो. फॉरमॅट म्हणजे कोरा पट सुरू करणं. म्हणून कॅन्सल दाबा. 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तरी डेटा दुसरीकडे उतरवून होईपर्यंत नकोच. दुखऱ्या डिस्कवर तो तासन्‌तास चालतो आणि तेवढ्यात ती कायमची बसू शकते.

डिस्क थोडा वेळ जरी टिकत असेल तरी दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी डेटा काढा. पूर्ण डिस्क एकदम सिलेक्ट करू नका. आधी कागदपत्रं, ती आकाराने छोटी असतात आणि दहा मिनिटांत होतात. मग फोटो, एकेक वर्षाचं फोल्डर. व्हिडिओ शेवटी. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे चला. आणि कट-पेस्ट नाही, कॉपी-पेस्ट. कट केलेली फाइल अर्ध्या वाटेत अडकली तर कुठली इकडे, कुठली तिकडे, याचा गोंधळ होतो. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल खरंच उघडून पाहा, नुसती नावं दिसली म्हणून भागत नाही.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर तीन गोष्टी आधी बोलून घ्या. एक, डबी फोडून आतली डिस्क दुसऱ्या केसमध्ये टाकतो असं म्हणाले तर थांबवा. बऱ्याच पातळ डिस्कमध्ये यूएसबीची खाच डिस्कच्याच सर्किटवर असते आणि काहींमध्ये डेटा त्याच सर्किटच्या चावीने कुलूपबंद असतो. डबी फोडून काही मिळत नाही, वॉरंटी तेवढी जाते. दोन, डेटा निघाला नाही तर पैसे किती, हे आधीच लिहून घ्या. तीन, घरातल्या बायका-मुलांचे फोटो आणि आधार-पॅनच्या प्रती तीन दिवस अनोळखी दुकानात राहणार आहेत, तेव्हा घरातलं कोणी बसू शकेल तर समोर बसूनच काम करून घ्या. वॉरंटीत डिस्क बदलून घेणाऱ्यांनी तर डेटा आधी उतरवलाच पाहिजे. कंपनी बदलून देते ती दुसरीच डिस्क असते. आपली जुनी, फोटोंसकट, त्यांच्याकडेच राहते.