छोट्या गाडीच्या डिकीत मावणारी बाबागाडी

बाबागाडी पसंत करण्याआधी टेप घ्या आणि डिकी मोजा. कंपनीने सांगितलेल्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. वॅगनआरची डिकी ३४१ लिटरची, अल्टो के१०ची २१४. पण सीएनजीची टाकी बसली की उरते फक्त एक अरुंद फट. म्हणून तोंडाची रुंदी, टाकीपुढची मोकळी जागा आणि उंची लिहून ठेवा.

छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याने १९६५ च्या सुमारास शोधली. ती बारीक होते, पण लांबी मीटरच्या आसपास राहते. छोट्या डिकीत आडवी बसेलच असं नाही. माझं मत तीन घड्यांच्या बाबागाडीला! मिटल्यावर साधारण ५२ × ४४ × १८ सेंमी, वजन सहा-सात किलो. डिकीत नाही मावली तर पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत उभी राहते. चाकं मात्र लहान, खडबडीत रस्त्यावर अडतात.

तान्ह्या बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारीच घ्या. आणि बाबागाडी म्हणजे कारसीट नव्हे, ती वेगळीच लागते.

दुकानात स्वतःची गाडी घेऊन जा, डिकीत ठेवून बघा, दार लागलं तरच पैसे द्या.