नवजात शिशूची कावीळ आणि निळा प्रकाश

बाळंतपण सुखरूप पार पडते, घरात आनंदाचे वातावरण असते आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टर सांगतात, बाळाला कावीळ आहे, निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागेल. डोळ्यांवर पट्टी बांधलेला तो इवलासा जीव पाहून आजी-आजोबांचे काळीज हलते. हा प्रकाश कोवळ्या शरीराला बाधणार तर नाही ना, ही त्यांची शंका रास्तच आहे.

पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. रक्तातील तांबड्या पेशी विघटित होताना बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते आणि नवजात यकृताला ते पुरेशा वेगाने बाहेर टाकता येत नाही. बहुतेक बाळांची कावीळ आपोआप ओसरते. मात्र बिलिरुबिन फार वाढले, तर ते मेंदूत शिरून बहिरेपणा किंवा हालचालींतील कायमचे दोष निर्माण करू शकते.

या उपचाराचा शोध एका परिचारिकेच्या निरीक्षणातून लागला. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ च्या सुमारास सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कोवळ्या उन्हात नेत असत. एका बाळाची उन्हात राहिलेली त्वचा फिकट झाली होती. चादरीने झाकलेला भाग मात्र तसाच पिवळा होता. त्यावरून डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलतो. बदललेला रेणू पाण्यात विरघळतो आणि पित्त व मूत्रावाटे बाहेर पडतो. त्वचा जाळणारे अतिनील किरण यापेक्षा निराळे असून आजच्या एलईडी दिव्यांत ते जवळजवळ नसतातच.

तरीही निळा प्रकाश सर्वस्वी निरुपद्रवी म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत मानवी पेशींवर त्याचा तीव्र मारा केल्यास पेशींतील काही द्रव्ये तो शोषून घेतात, ऑक्सिजनची विघातक रूपे तयार होतात आणि डीएनएलाही इजा पोहोचू शकते. डोळ्यांचा पडदा विशेष नाजूक असल्यामुळेच पट्टी बांधतात. कर्करोगाच्या शंकेवर कॅलिफोर्नियातील सुमारे ५ लाख मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. २०१६ च्या त्या अहवालात, इतर कारणे विचारात घेतल्यावर, प्रकाशोपचाराशी निश्चित संबंध सिद्ध झाला नाही. अमेरिकेत १००० ग्रॅमपर्यंतच्या अतिलहान बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. लवकर व अधिक उपचार दिलेल्या बाळांत मेंदूविषयक दोष कमी आढळले. पण ७५० ग्रॅमपर्यंतच्या बाळांत मृत्यूचे प्रमाण ३४ ऐवजी ३९ टक्के होते. हा फरक योगायोगाचा असू शकतो. तरीही अशा बाळांबाबत अधिक सावधगिरी हवी.

थोडक्यात, प्रकाश हेही औषधच आहे आणि औषधाला मात्रा असते. बाळाचे वय तासांत मोजून, ते किती आठवड्यांचे जन्मले हे पाहून आणि रक्ततपासणी करून उपचार कधी सुरू करायचे व कधी थांबवायचे, हे डॉक्टर ठरवतात. त्या मर्यादेत गरज असताना उपचार नाकारणे हे उपचारापेक्षा अधिक धोक्याचे ठरते.

घरच्यांनी डोळ्यांची पट्टी सरकली नाही ना, दूध वेळेवर मिळते ना, लघवी पुरेशी होते ना, अंग तापले किंवा गार पडले नाही ना, याकडे लक्ष द्यावे. जन्मानंतर २४ तासांच्या आत कावीळ दिसल्यास, शी पांढरट झाल्यास किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाल्यास क्षणाचाही विलंब करू नये. उपचाराऐवजी बाळाला थेट उन्हात ठेवण्याचा मोहही टाळावा. उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि त्यात अतिनील किरणही असतात. मनात शंका असेल, तर बाळाचे बिलिरुबिन किती आहे आणि उपचाराची मर्यादा किती, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.