रोजगार आणि स्वातंत्र्य : अर्ध्यावर राहिलेला मोर्चा

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले होते. तो दिवस जगाच्या लक्षात राहिला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे. त्या मोर्चाचे एक दहा कलमी मागणीपत्रही होते, त्याचा मात्र पुढे सगळ्यांना विसर पडला. मोर्चाचे अधिकृत नावच होते ‘रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी वॉशिंग्टनवर मोर्चा’. रोजगार आधी, स्वातंत्र्य नंतर. मोर्चाची कल्पना ज्यांची, त्या ए. फिलिप रँडॉल्फ यांचे सारे आयुष्य रेल्वेच्या शयनयानांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांची संघटना बांधण्यात गेले होते. १९४१ साली त्यांनी अशाच मोर्चाची नुसती धमकी दिली, आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील वर्णभेदाला बंदी घालणारा आदेश राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना काढावा लागला. मताइतकीच मजुरीही महत्त्वाची, हे रँडॉल्फ यांना कुणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती.

मागणीपत्रात दोन प्रकारच्या मागण्या होत्या. एक, नागरी हक्कांच्या : सार्वजनिक ठिकाणी मुक्त प्रवेश, शाळा, घर, मतदान. दुसऱ्या, पोटापाण्याच्या : प्रत्येक बेकाराला सरकारी खर्चाने प्रशिक्षण आणि सन्मानाचे काम, १९३८ च्या कामगार कायद्याने ज्यांना वगळले होते त्यांनाही त्याचे संरक्षण, आणि देशभर किमान वेतन ताशी दोन डॉलर, कारण त्याहून कमी पैशांत माणसासारखे जगता येत नाही. त्या वेळी बहुतेकांसाठी हा दर १.१५ डॉलर होता. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका त्यातही बसत नव्हत्या. दक्षिणेकडच्या राज्यांत ही कामे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्याच वाट्याला येत, तेव्हा त्यांना वगळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

पहिल्या प्रकारच्या मागण्यांचे काय झाले, ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मताधिकार कायदा, किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात झालेला १९६८ चा घरांविषयीचा कायदा. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान या कायद्यांनी बेकायदा ठरवला, हे कुणीही कमी लेखू नये. याच लाटेत १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदाही बदलला आणि मूळ देशानुसार ठरलेला कोटा गेला. डॉक्टर आणि इंजिनियर झालेली मराठी मुले अमेरिकेत जाऊन स्थिरावू शकली ती त्या दारातून. आपल्याकडे अमेरिकेची जी ओळख आहे ती बरीचशी त्यांच्या घरांतून आलेली : मोठे आवार, दोन गाड्या, मुलांची उत्तम शाळा. ती ओळख खोटी नाही. पण ज्यांच्या लढ्यामुळे ते दार उघडले, त्यांच्या मागणीपत्राच्या दुसऱ्या भागाचे काय झाले, ते तिथून दिसत नाही.

दुसऱ्या भागाची सुरुवातही वाईट नव्हती. जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारले. वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी आरोग्य योजना आल्या, अन्नकूपने आली, गरीब वस्त्यांत बालवर्ग निघाले. १९६४ साली दर शंभरात १९ जण सरकारी व्याख्येने गरीब होते. १९७३ पर्यंत हे प्रमाण ११.१ वर आले. पण या युद्धाच्या तिजोरीला दुसरे युद्ध, व्हिएतनामचे, पोखरत होते. १९६६ मध्ये रँडॉल्फ आणि मोर्चाचे खरे संयोजक बेयर्ड रस्टिन यांनी दहा वर्षांत गरिबी संपवण्याचा एक ‘स्वातंत्र्य अर्थसंकल्प’ आकडेमोडीसह मांडला. त्यात पूर्ण रोजगार होता, घरे होती, काम न करू शकणाऱ्यांना उत्पन्नाची हमी होती. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, तो हाती घेतला नाही.

यानंतर किंग यांची भाषा बदलली, ती याच कारणाने. हॉटेलात शेजारी बसू देण्यात देशाचा एक पैसाही खर्च झाला नाही. आता जे मागायचे त्याला अब्जावधी लागतील, असे ते सांगू लागले. १९६८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसमध्ये पावसाच्या आडोशाला कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार गाडीचे यंत्र अचानक चालू होऊन चिरडले गेले आणि तिथल्या सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. पूर्ण वेळ राबूनही त्यांच्यातली अनेक कुटुंबे सरकारी मदतीला पात्र ठरत होती. किंग या संपाच्या पाठीशी उभे राहण्यासाठी मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिलला तिथेच मारले गेले. त्यांनी आखलेली ‘गरिबांची मोहीम’ सहकाऱ्यांनी मे महिन्यात वॉशिंग्टनला नेली. संसद आणि लिंकन स्मारक यांच्यामधल्या हिरवळीवर प्लायवूडच्या झोपड्यांची वसाहत उभी राहिली. तिथे कृष्णवर्णीय होते, ॲपलेशियातले गोरे गरीब होते, मूळनिवासी आणि मेक्सिकन वंशाचे लोकही होते. पावसाने चिखल केला, आणि २४ जूनला पोलिसांनी वसाहत मोडली.

शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधील दंगलींची कारणे शोधणाऱ्या कर्नर आयोगाने त्याच वर्षी अहवाल दिला. दोष वस्त्यांतल्या तरुणांवर टाकण्याऐवजी आयोगाने गोऱ्या समाजाच्या वंशभेदाकडे बोट दाखवले आणि नोकऱ्या, घरे, शाळा यांवर मोठा खर्च करायला सांगितले. हा आयोग जॉन्सन यांनीच नेमला होता. अहवालाकडे मात्र त्यांनी पाठ फिरवली.

तरी १९७० पर्यंत खेळ पूर्ण हरलेला नव्हता, आणि या काळाकडे मागे वळून पाहताना हेच अधिक खटकते. रिचर्ड निक्सन यांच्यासारख्या उजव्या राष्ट्राध्यक्षाने चार माणसांच्या गरीब कुटुंबाला वर्षाला १,६०० डॉलरची हमी देणारी योजना मांडली. प्रतिनिधीगृहाने ती मंजूरही केली. सिनेटमध्ये ती अडकली : उजव्यांना ती उधळपट्टी वाटली, डाव्यांना तुटपुंजी. दोन्हीकडून विरोध झाला आणि योजना बारगळली. १९७८ मध्ये पूर्ण रोजगाराचा कायदा संमत झाला खरा, पण तोवर त्यातून कामाची हमी निघून गेली होती. उरले ते उद्दिष्ट, ज्यासाठी कुणाला कोर्टात खेचता येत नाही.

पुढचा काळ माघारीचा. ऑगस्ट १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी संपावरच्या ११ हजारांहून अधिक विमानवाहतूक नियंत्रकांना एका आदेशाने कामावरून काढले. खासगी मालकांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. पन्नासच्या दशकाच्या मध्यात तीनातला एक कामगार युनियनमध्ये होता. आज दहातला एक आहे. उत्पादन वाढत राहिले, पण साध्या कामगाराची मजुरी त्या चालीने वाढली नाही. वॉशिंग्टनच्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या हिशेबानुसार १९६५ मध्ये मोठ्या कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याचा पगार तिच्या कामगाराच्या सुमारे वीसपट होता. अलीकडच्या वर्षांत तो तीनशेपटींच्या जवळपास असतो. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांनी, म्हणजे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाने, गरीब मातांच्या रोख मदतीवर आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा घातली. तेव्हा माघारीचे खापर एकाच पक्षावर फोडता येत नाही.

२००८ मध्ये ‘बदल’ हाच शब्द घेऊन बराक ओबामा निवडून आले. त्याच शरद ऋतूत बँकांना वाचवण्यासाठी काँग्रेसने ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. त्यानंतरच्या वर्षांत लाखो कुटुंबांची घरे जप्तीत गेली. ती वाचवण्यासाठी तितकी घाई झाली नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये आर्थिक विषमतेविरुद्ध तरुणांनी ठाण मांडले, वर्षभराने फास्ट फूडच्या दुकानांतले कामगार ताशी १५ डॉलरची मागणी घेऊन रस्त्यावर आले. याच काळात आरोग्यविम्याचा कायदा झाला आणि विमा नसलेल्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. पण मागणीपत्रातल्या त्या दोन डॉलरांचे काय झाले?

१९६३ चे दोन डॉलर आजच्या किमतीत वीस डॉलरांहून अधिक होतात. संघीय किमान वेतन २००९ च्या जुलैपासून ७.२५ डॉलरवर थांबले आहे. १९३८ मध्ये हा कायदा झाल्यापासून इतका दीर्घ खंड कधी पडला नव्हता. १९६८ चा १.६० डॉलरचा दरसुद्धा आजच्या हिशेबाने चौदाच्या वर जातो. म्हणजे ज्या वर्षी किंग मारले गेले, त्या वर्षीच्या मजुराच्या तासाला आजच्या जवळजवळ दुप्पट मोल होते. हॉटेलात टिपवर जगणाऱ्या वाढप्यांसाठी मालकाने द्यायचा मूळ दर तर १९९१ पासून २.१३ डॉलरच आहे. टिप कमी पडली तर मालकाने भर घालावी, असे कायदा म्हणतो. ती मागायची कुणी, हे कायदा सांगत नाही.

या सगळ्यामागे कुणाचे कारस्थान शोधत बसण्याची गरज नाही. कायद्याची रचनाच पुरेशी आहे. संघीय किमान वेतन महागाईशी जोडलेले नाही. म्हणून काँग्रेसने काहीही केले नाही तरी त्याचे मोल दरवर्षी घटते, आणि त्यासाठी कुणाला कपातीच्या बाजूने हात वर करावा लागत नाही. वाढवायचे म्हटले, तर सिनेटच्या नियमांमुळे शंभरातली साठ मते लागतात. त्या सभागृहात सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला दोन जागा आणि जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. मार्च २०२१ मध्ये १५ डॉलरचा प्रस्ताव तिथे ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडला; विरोधात डेमोक्रॅटांच्या गोटातलेही आठ जण होते. लोकांचे मत वेगळे होते, हे चारच महिन्यांपूर्वी फ्लोरिडात दिसले होते. त्या राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी डोनाल्ड ट्रम्प यांना मते दिली आणि त्याच मतपत्रिकेवर १५ डॉलरच्या किमान वेतनाला साठ टक्क्यांहून अधिक पाठिंबा दिला. आज अनेक राज्यांनी आपला दर वाढवला आहे. पण सुमारे वीस राज्यांत, त्यातल्या बऱ्याचशा दक्षिणेत, अजूनही ७.२५ चाच दर लागू आहे.

‘काही बदलतच नाही’ हे वाक्य अमेरिकेत सर्रास ऐकू येते, पण ते तपासून घ्यायला हवे. २०२३ चा सरकारी गरिबीदर ११.१ टक्के होता, म्हणजे त्याच्या पन्नास वर्षांपूर्वी होता नेमका तितकाच. मात्र या मोजणीत अन्नकूपने आणि करसवलती धरत नाहीत. त्या धरल्या तर चित्र सुधारते. उलट घरमालकीत १९६० मध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात सुमारे २७ टक्क्यांचे अंतर होते. आज ते तेवढेच किंवा किंचित अधिकच आहे. शेजार नाकारणारा कायदा गेला, शेजार परवडण्याची सोय झाली नाही.

निराशा सर्वांत जास्त येते ती २०२१ सालाकडे पाहताना. कोविडकाळात काँग्रेसने मुलांसाठीची करसवलत वाढवली. सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर, त्याहून मोठ्यांसाठी ३,०००. आणि जुलै ते डिसेंबर दर महिन्याला रक्कम थेट खात्यात, अगदी काहीच कमाई नसलेल्या घरांतही. त्या वर्षी सवलती धरून मोजलेली बालदारिद्र्याची पातळी ५.२ टक्क्यांवर आली, तोवरची सर्वांत खालची. मुदतवाढीला सिनेटमध्ये एक मत कमी पडले आणि योजना संपली. २०२२ मध्ये ती पातळी १२.४ झाली. उपाय सापडत नाही म्हणून रोगी मरतो तेव्हा दुःख होते. इथे उपाय सापडला, लागू पडला आणि काढून घेतला गेला.

मग जे टिकले ते का टिकले? सामाजिक सुरक्षेच्या निवृत्तिवेतनाकडे पाहावे. १९५९ मध्ये दर तिघांमागे एकाहून अधिक अमेरिकन वृद्ध गरीब होते. आज दहातला एक आहे. १९७२ च्या कायद्याने हे वेतन महागाईशी जोडले. १९७५ पासून ते आपोआप वाढते, त्यासाठी दरवर्षी कुणाच्या पाया पडावे लागत नाही. शिवाय ते सगळ्यांना मिळते, त्यामुळे त्याला हात लावायला रिपब्लिकन नेतेही कचरतात. हा बदल कुठल्याही भाषणापेक्षा खोल गेला, आणि त्याचे रहस्य एवढेच की तो दरवर्षीच्या दयेवर सोडला गेला नाही.

मतदार मात्र दर काही वर्षांनी नव्या चेहऱ्यावर तीच आशा लावत आले आहेत. २००८ मध्ये ओबामा, २०१६ आणि २०२४ मध्ये ट्रम्प. तिन्ही वेळा मत बदलाला होते. २०२५ च्या कायद्याने टिपवरचा आयकर काही वर्षांपुरता माफ केला, पण २.१३ डॉलरला हात लावला नाही. म्हणजे वाढप्याच्या उत्पन्नाचा भार ग्राहकाच्या दानतीवरच राहिला, आणि सवलत देताना मालकाला काही सोसावे लागले नाही. साठ वर्षांच्या मागोव्यातून हाती लागते ती एक साधी कसोटी. अमेरिकेत पुन्हा बदलाची लाट आली, की कायद्यात तीन गोष्टी शोधाव्यात : पैसा कुणाकडून येणार, तो महागाईबरोबर आपोआप वाढणार का, आणि पुढच्या सिनेटला तो मुकाट्याने विझू देता येईल का. रँडॉल्फ आणि रस्टिन यांच्या मागणीपत्रात रक्कम स्पष्ट लिहिलेली होती. जिथे रक्कमच लिहिलेली नसेल, तिथे बदलाच्या नावाने जमलेल्या गर्दीला पुन्हा एकदा नुसते भाषण मिळेल.