घोरपड आणि क्वोल

मुलांनो, तानाजीच्या गोष्टीतली यशवंती घोरपड तुम्हाला ठाऊक असेलच. तिची एक चुलत बहीण उत्तर ऑस्ट्रेलियात राहते. अंगावर पिवळे ठिपके, लांबी चार-साडेचार फूट, आणि मोठा नर तर सहा-सात किलोंचा! अंडी, उंदीर, साप, बेडूक, समोर येईल ते मटकवायचं, हा तिचा खाक्या.

त्याच रानात क्वोल राहतो. हा कांगारूच्या गोतातला, पण आकाराने जेमतेम मांजराच्या पिल्लाएवढा. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. जन्मतः पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि आईच्या पोटाला चिकटून वाढतं. दिसायला गोजिरवाणा, पण हाही पक्का शिकारी बरं का! घोरपड उन्हात अंग शेकून दिवसा शिकारीला निघते, क्वोल रात्री. घोरपड कित्येक वर्षं जगते. क्वोलचा नर बिचारा एका विणीच्या हंगामानंतर, वर्षाचा होतो न होतो तोच मरतो. साम्य शोधूनही सापडू नये! पण या दोघांनी चूक मात्र एकच केली.

त्याचं असं झालं. क्वीन्सलंडमधल्या उसाला आपल्याकडच्या हुमणीसारख्या किडीने सतावलं होतं. ती खायला म्हणून 1935 साली हवाई बेटांवरून सुमारे शंभर केन टोड, म्हणजे भलेमोठे भेक, आणले. भेकांनी कीड राहू दिली आणि मुलूख मात्र व्यापला! त्यांच्या खांद्यांवरच्या ग्रंथींत जहरी विष असतं. नेहमीचा बेडूक समजून घोरपडीने भेक तोंडात धरला, की थोड्याच वेळात खेळ खलास. क्वोलचंही तेच. 2001 मध्ये भेक काकाडू राष्ट्रीय उद्यानात पोचले आणि तिथले क्वोल दिसेनासे होऊ लागले. शेवटी 2003 मध्ये 64 क्वोल पकडून, भेक नसलेल्या दोन बेटांवर नेऊन सोडावे लागले.

मग शास्त्रज्ञांनी चक्क शाळाच काढली! क्वोलला मेलेला छोटा भेक खायला द्यायचा, आत मळमळ आणणारं औषध घालून. घोरपडींसाठी तर भेकांची फौज पोचण्याआधीच छोटे छोटे भेक रानात सोडले. छोट्यात विष थोडं. घोरपड आजारी पडते, पण जगते आणि पुढे भेकाच्या वाटेला जात नाही. अशा शिकलेल्या काही घोरपडी भेकांच्या गराड्यात दीड वर्षानंतरही जिवंत सापडल्या. क्वोलची पिढी मात्र भराभर बदलते, तेव्हा त्यांची शाळा पुन्हा पुन्हा भरवावी लागणार!