स्टेजमागे बाळंत होऊन पुन्हा नाचायला आलेल्या विठाबाई: एवढीच ओळख पुरेशी आहे का?

श्रद्धा कपूर पडद्यावर विठाबाई नारायणगावकरांची भूमिका करणार, ही बातमी आली आणि एक जुना किस्सा पुन्हा फिरायला लागला. तुमच्याही फोनवर आला असेल.

विठाबाई नऊ महिन्यांच्या गरोदर होत्या. कार्यक्रम रंगात आला होता आणि कळा सुरू झाल्या. त्या स्टेजमागे गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. पोट दिसेना, तेव्हा काय झालं ते लोकांच्या लक्षात आलं. मग लोकांनीच हात जोडून कार्यक्रम थांबवायला लावला.

तमाशाच्या दुनियेत हा प्रसंग वर्षानुवर्षं सांगितला जातो. आपण तो वाचतो, "सलाम" अशी कमेंट करतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण एका बाईवर अशी वेळ का आली, हा प्रश्न मागेच राहतो.

विठाबाई होत्या कोण?

जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवलं विठा. घराणं तमाशाचं. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, तो पुढे वडील आणि चुलत्यांनी 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने गाजवला. मातंग समाजातलं हे कुटुंब. गाणं आणि नाच विठाबाईंना शाळेत शिकावा लागला नाही, तो घरातच होता.

तमाशात आधी बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यांना नाच्या म्हणत. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहिल्या आणि बाईसाठी ही वाट खुली झाली. विठाबाई त्याच वाटेने पुढे गेल्या. लावणीची अदाकारी, खडा आवाज आणि वगातला अभिनय, तिन्ही गोष्टी एकाच बाईत. लोकांनी त्यांना 'तमाशा सम्राज्ञी' म्हटलं ते उगाच नाही.

१९५७ आणि १९९० असा दोनदा त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरच्या जवानांसमोरही कला सादर केली.

मग पैसा कुठे गेला?

इथे तमाशाचं अर्थकारण समजून घ्यावं लागतं.

करमाड असो की नारायणगाव, गावची जत्रा आली की यात्रा कमिटी तमाशा ठरवते. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव ही तर तमाशाची पंढरीच. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात.

पण हंगाम सुरू होण्याआधीच फडमालकाला कलाकारांना 'उचल' द्यावी लागते, म्हणजे आगाऊ रक्कम. ती बऱ्याचदा सावकाराकडून व्याजाने आणलेली असते. कलाकार हंगामभर नाचून, गाऊन ती फेडतो. पाऊस आला, जत्रा रद्द झाली की गणित कोसळतं. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे असंच झालं होतं.

या व्यवस्थेत बाळंतपणाची रजा नसते, पेन्शन नसते. कार्यक्रम मोडला तर सगळ्या फडाची चूल थंड पडते. स्टेजमागचा तो प्रसंग जिद्दीचा आहेच, पण तो या नाइलाजाचाही आहे.

शेवटच्या काळात विठाबाई आर्थिक तंगीत होत्या. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा हॉस्पिटलचं बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावं लागलं. त्यानंतर २००६ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशातल्या योगदानासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

अमेरिकेतही हेच घडलं

विली मे थॉर्नटन ऊर्फ 'बिग मामा' थॉर्नटन, अलाबामातली कृष्णवर्णीय गायिका. १९५२ मध्ये तिने 'हाउंड डॉग' रेकॉर्ड केलं. पुढच्या वर्षी ते 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत सात आठवडे पहिल्या नंबरवर होतं. १९५६ मध्ये तेच गाणं एल्विस प्रेस्लीने गायलं आणि जगभर गाजलं. तिच्या सांगण्यानुसार तिला मिळाला ५०० डॉलरचा एक चेक.

१९८४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ती हलाखीत वारली. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये तिचं नाव आलं २०२४ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ४० वर्षांनी.

जात आणि वंश एकच नाहीत. थॉर्नटनच्या गाण्यावर दुसऱ्यांनी पैसा कमावला. विठाबाईंची कला तर त्या रात्रीपुरती होती, तंबू उठला की कमाई संपली. पण टाळ्या जिवंतपणी आणि सन्मान मेल्यावर, हा हिशोब दोघींच्या वाट्याला सारखाच आला.

आज काय बदललं?

विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून हा वारसा चालवला. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. मोबाईलमुळे त्यांचा आवाज महाराष्ट्रभर पोहोचला, त्यासाठी त्यांना कुठल्या कंपनीच्या दारात थांबावं लागलं नाही.

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ मध्ये हे मानधन दरमहा ५,००० रुपये करण्यात आलं. तुमच्या गावात म्हातारपणी हलाखीत जगणारे कुणी तमाशा कलावंत, शाहीर किंवा ढोलकीवादक असतील तर त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचवा. कागदपत्रं जमवायला मदत करा.

सिनेमा येईल, तो किस्सा पुन्हा व्हायरल होईल. तेव्हा शेअर करताना पुढची गोष्टही सांगा, हॉस्पिटलच्या बिलाची.