विश्लेषण : तपासणीत ‘शून्य त्रुटी’, तरी बोर्ड का चालत नाही?

वीज येताच विहिरीवरची मोटार सुरू करणारा ऑटो स्टार्टर, ठिबकचा टायमर, गोठ्यातल्या पंख्याचा तापमान नियंत्रक... शेतीला जोडलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांना विषयांची वाण नाही. सर्किटची आकृती काढायची, तिच्यावरून पीसीबी आखायची आणि फाइल कारखान्याला पाठवायची, ही सगळी कामे आता ‘कीकॅड’ या मोफत सॉफ्टवेअरवर होऊ शकतात. मात्र बोर्ड हातात येतो तेव्हा कधी ट्रान्झिस्टर उलटा बसतो, कधी भोके सरकलेली असतात, तर कधी संगणक तक्रारींची लांबलचक यादी दाखवून अडून बसतो. अशा वेळी दोष सॉफ्टवेअरचा की आखणीचा, हे कसे ओळखायचे?

कीकॅड काय आहे आणि आताच त्याची गरज का?

फ्रान्समधील ग्रेनोबल येथील प्राध्यापक ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये कीकॅड लिहायला सुरुवात केली. पुढे युरोपातील ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला, तर २०१९ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. त्याला परवाना शुल्क नाही आणि बोर्डाच्या आकारावर मर्यादाही नाही. अनेक वर्षे विद्यार्थी आणि छोटे कारखानदार ‘ईगल’ वापरत. त्याच्या मोफत आवृत्तीत दोनच थर आणि ८० चौरस सेंटिमीटरपर्यंतचा बोर्ड करता येई. ऑटोडेस्क कंपनीने २०१६ मध्ये ईगल विकत घेतले आणि ७ जून २०२६ पासून ते उपलब्ध राहणार नाही, असे २०२३ मध्ये जाहीर केले. ईगलच्या जुन्या फाइल कीकॅडमध्ये उघडतात. लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. अशा जुन्या संस्थांच्या किंवा नागापूर एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या युनिटच्या संगणकांत ईगलच्या फाइल पडून असतील, तर त्या आताच उघडून तपासलेल्या बऱ्या. फाइल उघडली म्हणजे सगळे नियम आणि फूटप्रिंट जसेच्या तसे आले, असे समजू नये.

‘पॉवर पिनला वीज मिळत नाही’ ही तक्रार कशाची?

नवशिक्याला हमखास दिसणारी ही पहिली तक्रार. आकृतीत बॅटरी किंवा कनेक्टर आहे, तार आयसीपर्यंत गेली आहे, तरी ‘ईआरसी’ म्हणजे विद्युत नियमांची तपासणी म्हणते, की पॉवर इनपुट पिनला कोणीच वीज पुरवत नाही. यात सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. चिन्हाच्या प्रत्येक पिनला एक प्रकार दिलेला असतो: इनपुट, आउटपुट, पॉवर इनपुट, पॉवर आउटपुट, पॅसिव्ह. कनेक्टरच्या पिना पॅसिव्ह असतात. त्यातून १२ व्होल्ट येतात की सेन्सरचा सिग्नल, हे संगणकाला ठाऊक नसते. म्हणून वीज जिथून बोर्डात शिरते तिथे ‘पॉवर फ्लॅग’ हे चिन्ह लावायचे. ते ग्राउंडलाही लावावे लागते, आणि नेमके हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही.

तक्रार गप्प करण्यासाठी दिसेल त्या तारेवर फ्लॅग चिकटवला, तर मात्र तपासणीला अर्थ उरत नाही. समजा, ७८०५ या रेग्युलेटरचे आउटपुट मायक्रोकंट्रोलरपर्यंत जोडायचेच राहून गेले. ईआरसीने ते पकडलेही होते. पण फ्लॅग लागला आणि तक्रार गेली. आता बोर्ड छापून येईल आणि चिपला वीजच मिळणार नाही. त्यामुळे फ्लॅग लावण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या जागी वीज खरोखर बाहेरून येते का?

तार जोडलेली दिसते, पण जोडलेली नसते, ते का?

कीकॅडच्या ग्रंथालयातील चिन्हे ५० मिल, म्हणजे १.२७ मिलिमीटरच्या ग्रिडवर बेतलेली आहेत. मध्येच कोणी बारीक ग्रिड निवडून एखादे चिन्ह सरकवले, की तारेचे टोक पिनच्या अगदी शेजारी थांबते. पडद्यावर जोड दिसतो, प्रत्यक्षात तो नसतो. पिनच्या टोकाशी लहान वर्तुळ किंवा तारेच्या टोकाशी लहान चौकोन उरला असेल, तर जोड झालेला नाही असे समजावे. निवडलेले भाग ग्रिडवर आणण्याची सोय उजव्या क्लिकच्या यादीत आहे. दोन तारा नुसत्या एकमेकींना ओलांडून गेल्या तरी त्या जुळत नाहीत, तिथे ठिपका लागतो. लेबलचेही तसेच आहे. साधे लेबल त्याच पानापुरते चालते. दुसऱ्या पानावरच्या तारेशी नाते जोडायचे, तर ग्लोबल किंवा हायरार्किकल लेबल लागते.

आकृती निर्दोष असूनही बोर्ड चुकतो कसा?

आकृतीतले चिन्ह आणि बोर्डावरची जागा, म्हणजे फूटप्रिंट, यांना जोडणारा दुवा फक्त पिनचा क्रमांक असतो. पैसे वाया जाण्याची सर्वाधिक शक्यता इथेच. रिले चालवायला आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर सपाट बाजू समोर धरली, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा असतो. तसाच दिसणारा २एन३९०४ मात्र एमिटर, बेस, कलेक्टर. दुकानात एक मिळाला नाही म्हणून दुसरा बसवला किंवा आकृतीत एकाचे चिन्ह घेऊन हातात दुसरा आला, तर कोणतीही तपासणी तक्रार करणार नाही. रेग्युलेटरमध्येही हाच सापळा आहे. ७८०५ च्या पिना इनपुट, ग्राउंड, आउटपुट अशा, तर तशाच आकाराच्या एलएम३१७ च्या अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट अशा.

यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही, कागदावर आहे. बोर्डाची १:१ मापात छपाई काढायची, ती थर्माकोलवर ठेवायची आणि खरे भाग टोचून पाहायचे. दहा मिनिटांचे काम आहे. रिले आणि टर्मिनल ब्लॉक विकत घेण्याआधी त्यांचे फूटप्रिंट कधीही अंतिम करू नयेत. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या रिलेंच्या पायांत फरक निघतो.

आकृती बदलल्यावर बोर्ड मात्र जुनाच राहिला, अशी तक्रारही नेहमीची. आकृतीतला बदल आपोआप बोर्डावर उतरत नाही. बोर्डाच्या खिडकीत ‘एफ ८’ दाबून तो आणावा लागतो. भागांचे क्रमांक नव्याने दिल्यानंतर किंवा आकृती दुसऱ्या फाइलमधून चिकटवल्यानंतर दुवे तुटले असतील, तर त्याच चौकटीत संदर्भ क्रमांकावरून दुवे पुन्हा जोडण्याचा पर्याय असतो.

‘शून्य त्रुटी’ म्हणजे बोर्ड सुरक्षित का?

नाही. पंपाच्या स्टार्टरसारख्या बोर्डात तर हा समज जिवावर बेतू शकतो. ‘डीआरसी’ ही बोर्डाची तपासणी आपण दिलेल्या नियमांचीच असते, आणि नियम बदलले नाहीत तर दोन ट्रॅकमधले किमान अंतर मुळात ०.२ मिलिमीटर धरलेले असते. ५ व्होल्टच्या ट्रॅकला ते पुरते. पण रिलेच्या एका बाजूला १२ व्होल्टची कॉइल आणि दुसऱ्या बाजूला २३० किंवा थ्री फेजचे ४१५ व्होल्ट असतात. कीकॅडला व्होल्टेज कळत नाही. ग्राउंडसाठी तांब्याचा झोन भरला, की तो २३० व्होल्टच्या ट्रॅकपासून अर्ध्या मिलिमीटरवर येऊन थांबतो आणि तपासणी तरीही ‘शून्य त्रुटी’ म्हणते. विहिरीवरच्या पेटीत धूळ, ओल, मुंग्या, पाली सगळेच असते. तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.

उपाय असा, की वीजपुरवठ्याच्या ट्रॅकसाठी वेगळा नेट क्लास करावा, कमी दाबाच्या बाजूपासूनचे अंतर वाढवावे आणि मगच डीआरसी चालवावी. २३० व्होल्ट आणि हात लागू शकणारी बाजू यांच्यात ६ ते ८ मिलिमीटर अंतर ठेवण्याची पद्धत आहे. नेमका आकडा लागू असलेल्या मानकावरून ठरवावा. नेट क्लासचे अंतर त्याच क्लासमधल्या दोन फेजनाही लागू होते, त्यामुळे रिलेच्या स्वतःच्या पायांवरही त्रुटी दिसू लागतात. त्या टाळण्यासाठी मूळ अंतर कमी करू नये, दोन क्लासमधल्या अंतरासाठी कस्टम रूल लिहावा. रिलेखाली बोर्डाला खाच पाडली, तर पृष्ठभागावरून गळणाऱ्या विजेची वाट लांबते. ग्राउंडचा झोन मुख्य विजेच्या भागात नेऊच नये.

घरच्या संगणकावरची फाइल लॅबमध्ये का उघडत नाही?

सातवी आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये आली, आठवी २०२४ च्या आणि नववी २०२५ च्या फेब्रुवारीत. नव्या आवृत्तीत जुनी फाइल उघडते, पण नव्यात साठवलेली जुन्यात उघडत नाही. प्रकल्पाच्या चार जणांनी पहिल्याच दिवशी एक आवृत्ती ठरवून घेतली, तर निम्मे तंटे मिटतात. दुसऱ्या संगणकावर फूटप्रिंट किंवा त्रिमितीय चित्रे गायब होत असतील, तर ग्रंथालयाचा पत्ता ‘सी ड्राइव्ह’वरून दिलेला असतो. स्वतः बनवलेली चिन्हे प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवावीत आणि पेन ड्राइव्हवर पूर्ण फोल्डर न्यावे. जुन्या संगणकावर पडदा काळा राहत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सचा ‘फॉलबॅक’ प्रकार निवडून पाहावा.

सिम्युलेशन का अडते?

आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने कीकॅड आणि एनजीस्पाइस यांना एकत्र बांधून ‘ई-सिम’ हे मोफत सॉफ्टवेअर तयार केले आहे. त्यात ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ असा संदेश आला, की बहुधा सर्किटला ग्राउंड नसतो किंवा एखादे टोक अधांतरी असते. दुसरा घोळ गमतीचा आहे. स्पाइसच्या भाषेत एम हे अक्षर मोठे असो वा लहान, त्याचा अर्थ ‘मिली’ होतो. एक मेगाओहमऐवजी नुसते १एम लिहिले, तर एक मिलिओहमचा रोध लागतो आणि निकाल भलतेच येतात. तिथे ‘मेग’ असे पूर्ण लिहावे.

कारखान्याला फाइल पाठवण्यापूर्वी काय पाहावे?

गर्बर फाइल आणि भोकांची ड्रिल फाइल अशा दोन वेगळ्या गोष्टी काढाव्या लागतात. दुसरी विसरली तर भोकांविना बोर्ड येतो किंवा कारखाना ऑर्डर अडवून धरतो. दोन्हींचा आरंभबिंदू एकच हवा, नाहीतर भोके सरकतात. बोर्डाची कड आखणारी ‘एज कट्स’ रेषा कुठे अगदी थोडी तुटली असली, तरी डीआरसी बाह्यरेषेची तक्रार करते. सगळ्या फाइल कीकॅडसोबत येणाऱ्या गर्बर व्ह्यूअरमध्ये एकत्र उघडून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

लॅबमध्ये इस्त्रीने टोनर उतरवून फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. खालचा तांब्याचा थर आहे तसाच छापायचा, वरचा थर आरशातल्यासारखा उलटा. याची गल्लत झाली, की आयसीचे पाय उलट क्रमाने येतात.

अडल्यास मदत कुठे?

आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात अशा मोफत सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्र धडे आहेत आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते देण्याचे काम त्यात होते. धडा जुन्या आवृत्तीचा असेल, तर मेनूंच्या जागा बदललेल्या दिसतील. क्रम मात्र तोच राहतो. सॉफ्टवेअर खरोखरच बंद पडत असेल, तर आधी सेटिंगच्या फोल्डरचे नाव बदलून ते कोऱ्या स्थितीत सुरू करून पाहावे. तरीही बिघाड राहिला, तर तो कीकॅडच्या विकासकांकडे नोंदवता येतो. त्यासाठी मदत मेनूतील आवृत्तीची माहिती जशीच्या तशी द्यावी, बिघाड कोणत्या क्रमाने होतो ते लिहावे आणि तेवढाच दोष दाखवणारी छोटी फाइल जोडावी. पूर्ण प्रकल्प पाठवला, तर तो उलगडण्यातच विकासकाचा वेळ जातो आणि उत्तर लांबते.